देवघरातला दत्त आणि मळवलीचा छापखाना

आमच्या आत्याचा जुना वाडा कारंज्याला आहे. कारंजा म्हणजे वाशिम जिल्ह्यातले कारंजा लाड, नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव म्हणून दत्तभक्तांना परिचित असलेले. वाड्याचा पुढचा सोपा कधीच पडला. माजघर आणि देवघर तेवढे शाबूत आहे. त्या देवघराच्या भिंतीवर काळ्या पडलेल्या सागवानी चौकटीत दत्ताची एक तसबीर आहे. तीन शिरे, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री. काचेवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या गंधाचे आणि कुंकवाचे ठिपके, आणि एका कोपऱ्यात वाळवीने आखलेला नकाशा.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ वाड्यात आले. जुन्या चौकटी, पितळी समया, लाकडी खांब विकत घेणारे जे लोक हल्ली गावोगाव हिंडतात, त्यांतलेच ते एक. समई त्यांनी उचलूनसुद्धा पाहिली नाही. ते थेट दत्तापुढे जाऊन उभे राहिले, आणि त्यांची नजर गेली ती दत्ताच्या मुखाकडे नव्हे, तर चित्राच्या खालच्या कडेला. तिथे छापखान्याचे नाव असायला हवे होते. पण ज्या कोणी ही तसबीर मढवली, त्याने चौकटीत बसावी म्हणून कडा कापून टाकली होती. तरीही त्यांनी सांगितलेली रक्कम आत्याच्या तीन महिन्यांच्या पेन्शनपेक्षा जास्त होती. कडा शाबूत असती तर याच्या दुप्पट मिळाले असते, असेही त्यांनी जाता जाता सांगितले.

त्या रात्री घरात बराच वाद झाला. छताचे पत्रे बदलायचे होते. देव विकायचा का, हा एक प्रश्न. आणि हा खरा रविवर्म्याचा आहे का, हा दुसरा. पहिला प्रश्न आत्याचा होता. दुसऱ्याच्या मागे मी लागलो, आणि त्यातून राजा रविवर्मा या माणसाचे आयुष्य नव्याने वाचायला घेतले.

रविवर्म्यांचे नाव मराठी घरात कुणाला सांगावे लागत नाही. कमळावर उभी लक्ष्मी, वीणा घेऊन बसलेली सरस्वती, हंसाचे बोलणे ऐकणारी दमयंती डोळ्यांसमोर येते ती त्यांच्याच रूपात. मात्र हा चित्रकार मराठी नव्हता. २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूर येथे एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. आई उमाअंबाबाई कविता करणारी, वडील नीलकंठन भट्टतिरिपाद संस्कृताचे जाणकार, मामा राजराज वर्मा चित्रकार. केरळातल्या अशा घराण्यांत तेव्हा कुळ आईकडून चाले, त्यामुळे मामाचा अधिकार मोठा. वाड्याच्या भिंतींवर कोळशाने रेघोट्या ओढणाऱ्या भाच्याला बहुतेक मामांनी कान धरून बाहेर काढले असते. या मामाने त्याला शिकवायला घेतले. मुलगा चौदा वर्षांचा झाला तेव्हा, १८६२ साली, मामाच त्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारात घेऊन गेला.

दरबारात चित्रे होती, युरोपातून आलेली पुस्तके होती, जलरंगांचे शिक्षणही मिळाले. नव्हते ते तैलरंगांचे ज्ञान. ज्यांच्यापाशी ते होते, ते सांगायला तयार नव्हते. तैलरंगात काम करणारा दरबारी चित्रकार आपली विद्या या उमरावाच्या पोराला द्यायला राजी नव्हता. त्याचा एक शिष्य रात्री गुपचूप येऊन रंग कसे कालवायचे ते दाखवून जाई, अशी आख्यायिका आहे. पुढे १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार महाराजांचे व्यक्तिचित्र काढायला आला. त्यानेही शिकवायला नकारच दिला. महाराजांच्या शब्दाखातर एवढीच मुभा दिली, की मुलाने बाजूला उभे राहून पाहावे. रविवर्मा पाहत राहिले. ब्रश किती भिजवायचा, पहिला थर वाळायला किती वेळ द्यायचा, कातडीचा रंग कशातून उठतो हे सारे त्यांनी डोळ्यांनी उचलले आणि मग एकांतात पुष्कळ कॅनव्हास नासवून हाताला शिकवले. आपल्याकडे एकलव्याची गोष्ट सांगताना अंगठ्यापाशी थांबतात. इथे अंगठा शाबूत राहिला, आणि दोन्ही द्रोणाचार्य आज केवळ या शिष्यामुळे आठवले जातात!

मधल्या काळात, १८६६ साली, मावेलिक्करा घराण्यातल्या भागीरथीबाईंशी त्यांचे लग्न झाले होते. संसार झाला, मुले झाली, पण घरी राहणे फारसे झाले नाही. १८७० मध्ये मूकांबिकेची यात्रा करून त्यांनी चित्रकला हाच व्यवसाय ठरवला. त्या काळच्या उमराव घराण्यातल्या पुरुषाने पैसे घेऊन चित्रे काढावीत, हे साधे पाऊल नव्हते. नातलगांच्या भुवया वर गेल्या. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केसांत फुले माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले, त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही गौरव झाला आणि त्या भुवया खाली आल्या. १८७६ साली कमळाच्या पानावर पत्र लिहिणारी शकुंतला आली. ते चित्र मद्रासच्या गव्हर्नरने, ड्यूक ऑफ बकिंगहॅमने विकत घेतले.

शकुंतलेचे नाव निघाले म्हणून एक गंमत सांगतो. आमच्या कारंज्यावरून मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी एक अरुंद रेल्वे जायची, वऱ्हाडातला कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रज कंपनीने टाकलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. तिचे लोकांतले नाव शकुंतला. आता ती गाडी धावत नाही. पण लहानपणी शकुंतला आली असे कुणी म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे इंजिनाचा धूर आणि चित्रातली ती कमळाची पाने दोन्ही एकदम येत.

असो. रविवर्म्यांना महाराष्ट्राशी जोडणारा दुवा ठरले सर टी. माधवराव. हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, कुंभकोणमचे. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरचे, मग बडोद्याचे. त्रावणकोरात असल्यापासून ते या चित्रकाराला ओळखत होते. १८८१ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले सयाजीराव गायकवाड वयात येऊन राज्यकारभार हाती घेणार होते. त्या समारंभासाठी माधवरावांनी रविवर्म्यांना बडोद्याला बोलावले. सोबत धाकटा भाऊ सी. राजराज वर्मा होता, बारा वर्षांनी लहान. या भावाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढची हकीकत जितकी थोरल्याची, तितकीच धाकट्याची आहे.

केरळात या चित्रकाराने स्त्रिया पाहिल्या होत्या त्या मुंडू नेसलेल्या. बडोद्यात आणि मग मुंबईत त्याने नऊवारी पाहिली. काष्टा, निऱ्या, खांद्यावरून आलेला पदर, नाकात नथ. देवतांना काय नेसवायचे हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. भारतभरच्या लोकांना पटेल असे पुराणकाळचे वस्त्र कोणते? १८८८ साली सयाजीरावांनी रामायण, महाभारत आणि पुराणांतल्या प्रसंगांवर चौदा मोठी चित्रे काढायला सांगितली, तेव्हा दोघे भाऊ या प्रश्नाचे उत्तर शोधायला उत्तर हिंदुस्थानात फिरून आले. देवळांतल्या मूर्ती पाहिल्या, बाजार पाहिले, जुनी वस्त्रे पाहिली. एकच एक असा पेहराव सापडला नाही. शेवटी बऱ्याच नायिकांच्या आणि देवींच्या अंगावर साडी आली, आणि तिच्यावर मराठी नेसण्याची छाप उघड दिसते. आपली आजी लक्ष्मीकडे पाहून हात जोडत असे तेव्हा तिला ती परकी वाटली नाही, याचे एक कारण हे.

चौदा चित्रे १८९०च्या सुमारास पुरी झाली. शंतनू आणि गंगा, नल आणि दमयंती, विश्वामित्र आणि मेनका. ती लोकांना पाहण्यासाठी मांडली तेव्हा गर्दी लोटली. ज्यांना राजवाड्याच्या दाराशी कुणी उभे केले नसते असे लोक दुरून येऊन त्या चित्रांपुढे हात जोडू लागले. त्याआधीच, १८८४ साली, माधवरावांनी त्यांना पत्राने सुचवले होते, की मागणी इतकी आहे आणि हात दोनच आहेत. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात. दहा वर्षे ती सूचना रविवर्म्यांच्या मनात मुरली. १८९१ साली पत्नी गेली. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात, ज्या वर्षी विवेकानंद तिथे गाजले त्याच वर्षी, त्यांची दहा चित्रे मांडली गेली आणि पारितोषिके मिळाली. चित्रकार म्हणून आणखी काही मिळवायचे उरले नव्हते. अशा वयात आणि अशा मानात असलेल्या माणसाने छापखाना काढला!

१८९४ साली गिरगावात रवी वर्मा फाइन आर्ट लिथोग्राफिक प्रेस सुरू झाला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे मुंबईचे व्यापारी भागीदार होते. यंत्रे जर्मनीहून आली, त्यांच्यामागून जर्मन कारागीरही. त्यांतला एक फ्रिट्झ श्लायशर. पहिले चित्र शकुंतलाजन्माचे. मग लक्ष्मी, सरस्वती आणि मग देवांची रांग.

ही छपाई कशी चालते ते सांगायला हवे, कारण पुष्कळांना वाटते की मोठ्या चित्राचा फोटो काढला आणि कागदावर उतरवला. तसे ते नसते. शिळाछापासाठी बारीक कणांचा गुळगुळीत चुनखडीचा दगड लागतो. त्यावर तेलकट शाईने चित्र काढतात, तेही उलटे, आरशात दिसते तसे. मग दगड ओला करतात. पाणी रिकाम्या जागी बसते, तेलकट जागी बसत नाही. वरून फिरवलेली शाई नेमकी उलट वागते. एवढ्या साध्या वैरावर ही सारी विद्या उभी आहे. आता रंगीत चित्र हवे असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मूळ चित्रातला पिवळा कुठे कुठे आहे, गुलाबी किती, निळ्यावर तपकिरी कुठे चढतो, हे ओळखून प्रत्येक दगडावर वेगळे रेखाटन करणारा कारागीर लागतो. तोच कागद एकामागून एक दगडांखालून जातो. केसभर सरकला तर देवीचा डोळा गालावर यायचा. शेवटी वार्निश, म्हणजे तैलचित्रासारखी चकाकी येते. म्हणून ओलिओग्राफ. आमच्या देवघरातला दत्त मुळात असा एक ओलिओग्राफ आहे. तो काढताना किती जणांचे हात लागले असतील याची मोजदाद कोण करणार?

इथे मला पंधराव्या शतकातल्या इटलीची आठवण येते. फ्लॉरेन्स आणि व्हेनिसमधल्या सुखवस्तू घरांत, बहुधा निजायच्या खोलीत, बाळ येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीची तसबीर असे. पॉप्लरच्या लाकडाची फळी, तिच्यावर सरसात कालवलेल्या पांढऱ्या मातीचे लेप, अंड्याच्या बलकात घोटलेले रंग, मागे सोन्याचा वर्ख. एका उस्तादाच्या कारखान्यात अशा फळ्या पुष्कळ निघत. उस्तादाने आराखडा कागदावर काढायचा, शिष्याने त्याच्या रेघांवर सुईने भोके पाडायची, कोळशाची पूड पुरचुंडीत बांधून वरून थापटायची, की ठिपक्यांचे चित्र फळीवर उतरते. आपल्याकडे रांगोळीचा छाप उमटवतात तसेच! मग मेरीचा चेहरा उस्ताद रंगवी, पदर थोरला शिष्य, मागचे डोंगर धाकटा. नेरी दि बिच्ची नावाच्या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराची १४५३ ते १४७५ या काळातली हिशेबाची वही उपलब्ध आहे. तिच्यात देव, सोने, मजुरी आणि गिऱ्हाईक सगळे एकाच शाईने लिहिलेले आहे. व्हेनिसचा जोव्हान्नी बेल्लीनी तर असा, की त्याच्या कारखान्यात शिष्यांनी केलेल्या चित्रांवरही त्याचे नाव पडे. नाव म्हणजे सही नव्हे, कारखान्याचा शिक्का.

चारशे वर्षांनी अमेरिकेतले धनिक ती चित्रे विकत घेऊ लागले आणि प्रश्न आला: यात उस्तादाचा हात किती? बर्नार्ड बेरेन्सनसारखे जाणकार बोट आणि कान पाहून निर्णय देऊ लागले, डव्हीनसारखे व्यापारी त्या निर्णयावर किंमत लावू लागले. अमक्याचे म्हटले तर एक भाव; अमक्याच्या कारखान्यातले म्हटले तर कितीतरी कमी. ज्या बाईने त्या फळीपुढे रोज रात्री मेणबत्ती लावली, तिला हा फरक कधी पडला नसणार.

रविवर्म्यांच्या मोठ्या चित्रांतही दुसरा हात आहेच. राजराज वर्मा हे निसर्गचित्रांत थोरल्यापेक्षा सरस होते, असे माझे मत आहे. चित्रांतल्या मागच्या नदीकाठांकडे आणि झाडांच्या सावल्यांकडे पाहिले तर पटेल. पार्श्वभूमी पुष्कळदा त्यांची असे. पत्रव्यवहार त्यांचा, हिशेब त्यांचा, आगगाडीची तिकिटे त्यांनी काढायची, महाराजांच्या भेटीची वेळ त्यांनी ठरवायची. इंग्रजीत ते दैनंदिनी लिहीत, आणि त्या दोघांच्या फिरस्त्या आयुष्याबद्दल आज जे कळते त्यातले पुष्कळसे त्या दैनंदिनीतून. कीर्ती मात्र एकट्या थोरल्याच्या नावावर जमा झाली. धाकट्याने तक्रार केल्याचे दिसत नाही. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांत असे धाकटे भाऊ असत.

छापखान्याचे मात्र सुरुवातीपासून काही जमले नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. लाखो माणसे शहर सोडून पळाली, त्यांत कारागीर होते, गिऱ्हाइकेही होती. मखनजींशी भागीदारी तुटली. कर्ज वाढले. गिरगावातून घाटकोपर आणि १८९९च्या सुमारास तिथून लोणावळ्याजवळ, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याकडचे मळवली, असा छापखाना हलत राहिला. लोणावळ्याचा पाऊस आणि छपाईचा कागद यांचे सख्य कसले असणार! भाऊ हिशेबाच्या वह्या घेऊन धावपळ करीत, थोरला कर्ज फेडण्यासाठी संस्थानिकांची व्यक्तिचित्रे रंगवीत फिरे. १९०१ साली उदेपूरला जाऊन त्यांनी महाराणा प्रताप रंगवला, त्याच सुमारास मळवलीचा छापखाना चित्रांच्या हक्कांसह श्लायशरला विकून टाकला.

हा व्यवहार रविवर्म्यांच्या आयुष्यातला सर्वांत बोचरा प्रसंग असावा. बारा संस्थानांत ज्याच्या सहीला मान, त्याने आपले नावच विकले. कारण छापखान्याचे नाव बदलले नाही. श्लायशर हिशेबाला पक्का होता. त्याने चित्रांचे आकार लहान केले, किंमत उतरवली, जाहिरातदारांना चित्रे दिली, साबणाच्या कॅलेंडरवर देवी आल्या. दुसऱ्या चित्रकारांकडून नवी चित्रे करून घेतली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर त्यांत होते. पुढे चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले होते. खाली ओळ तीच, रवी वर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा. रविवर्म्यांनी ज्यांना कधी ब्रश लावला नाही असे देव त्यांच्या नावाने घरोघर गेले. उलट पुण्याच्या चित्रशाळेसारखे छापखाने, जी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ सालीच काढली होती, आपापली रामपंचायतने काढीतच होते, आणि वाण्याच्या दुकानात या सगळ्यांना मिळून एकच नाव पडले. देवाचे रंगीत चित्र म्हणजे रविवर्मा.

वऱ्हाडात ही चित्रे आली तो काळही आठवावा. तेव्हा बासिम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अकोल्यात मिसळला आणि वाशिम म्हणून पुन्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ याच मुलखाने सोसला. अशा दिवसांत काही आण्यांना, फार तर रुपया-दोन रुपयांना, चकचकीत देव मिळू लागला. या वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. पाचव्या शतकात इथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. त्यांतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. तिथल्या भिंती रंगवणाऱ्यांचे एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्या चित्रांपर्यंत पोहोचायला डोंगर चढावा लागे. त्यानंतर चौदाशे वर्षांनी चित्रच गुंडाळी होऊन आठवडी बाजारापर्यंत आले. आणि ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू देत नसत, त्यांच्या झोपडीतही आले. तिथे त्याची पूजा करायला कुणाची परवानगी लागत नव्हती. गाभाऱ्यातला देव पुजाऱ्याच्या ताब्यात होता, मळवलीचा देव ज्याने पैसे मोजले त्याचा. रविवर्म्यांनी हे हेतुतः केले असे मला म्हणायचे नाही. त्यांना कलेची अभिरुची वाढवायची होती आणि धंदाही करायचा होता. पण झाले हे असे.

कारंज्यासारख्या गावात तर आणखी एक गोष्ट झाली. दत्तसंप्रदायात भक्ती असते ती पादुकांची. वाडी, औदुंबर, गाणगापूर, सगळीकडे माथा टेकायचा तो पादुकांवर. पादुकांना चेहरा नसतो. तो भिंतीवर आणला या छापील चित्रांनी. आत्याच्या सासूबाई रोज पोथी वाचायच्या त्या या चेहऱ्याकडे पाहत, आणि आज घरात कुणीही डोळे मिटून दत्त म्हटले की हाच कागद पुढे येतो.

टीका व्हायची ती झालीच. कलकत्त्याच्या नव्या पिढीने, हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या अभ्यासकांनी रविवर्म्यांच्या देवतांना नाटकातल्या नट्यांसारख्या म्हटले. उसन्या युरोपीय पद्धतीत भारतीय आत्मा नाही असा आक्षेप घेतला. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. मुंबईत त्यांच्यापुढे बसलेल्या स्त्रियांत गाणाऱ्या बायका होत्या. अंजनीबाई मालपेकरांचे नाव या संदर्भात घेतले जाते. ज्या बाईला समाज घरात घेत नव्हता, तिची चेहरेपट्टी देवी म्हणून त्याच समाजाच्या देवघरात बसली. मला यात दोष दिसत नाही. टीकाकारांना दिसला.

१९०४ साली सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. त्यानंतर काही महिन्यांतच, १९०५च्या आरंभी, राजराज वर्मा आजारपणात गेले. वय पंचेचाळीसही नव्हते. रविवर्म्यांना मधुमेह होताच. पंचवीस वर्षे सावलीसारखा वावरलेला भाऊ गेल्यावर ते पूर्वीसारखे सावरले नाहीत. अर्धी राहिलेली कामे कशीबशी पुरी केली. नाती त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या होत्या, मुलगा रामवर्मा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून चित्रकार झाला होता. घर मार्गी लागले होते. २ ऑक्टोबर १९०६ रोजी त्रावणकोरात त्यांचे निधन झाले. अठ्ठावन्न वर्षांचे आयुष्य.

मळवलीचा छापखाना त्यांच्यामागे आणखी साडेसहा दशके टिकला. श्लायशर १९३५ साली वारला, पुढे इतरांनी चालवला. १९७२ साली लागलेल्या आगीत तिथला बराचसा ठेवा जळाला. त्याच दशकात, १९७९ साली, सरकारने रविवर्म्यांची चित्रे राष्ट्रीय ठेवा ठरवली. मूळ चित्र देशाबाहेर नेता येत नाही. ज्या छापील प्रती कुणी राष्ट्रीय मानल्या नव्हत्या, अडगळीत टाकल्या होत्या, त्यांच्या मागे आता संग्राहक लागले आहेत. जरी आणि टिकल्या लावून बायकांनी सजवलेल्या प्रतींना तर अधिकच मागणी. मूळ तैलचित्रांच्या लिलावात कोट्यवधींचे आकडे ऐकू येतात, त्याचा थोडासा शेक कागदालाही लागतो. आणि म्हणून तो गृहस्थ आमच्या आत्याच्या दारात आला होता.

मग आमचा दत्त खरा का? जेवढे वाचले त्यावरून एवढेच म्हणता येईल, की कडा नाही, म्हणजे सांगायला कागदच उरलेला नाही. जाणकाराला दाखवले तर रंगांच्या ठिपक्यांवरून छापखाना कळेलही. पण मळवलीचा ठरला तरी रविवर्म्यांचा हात त्यात असेलच असे नाही. मी हे आत्याला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. तिला यात विशेष काही वाटले नाही. तसबीर घरात कुणी आणली एवढे तिला माहीत होते. तिचे आजेसासरे कापूस विकून अकोल्याहून परतताना ती बैलगाडीत मांडीवर धरून आणत होते, आणि वाटेत पावसात सापडले तेव्हा स्वतः भिजून तिच्यावर धोतर गुंडाळले होते.

पत्र्यांचे पैसे शेवटी आम्ही भावंडांनी वाटून घातले. मी अकोल्याच्या एका चौकटवाल्याकडे तसबीर नेऊन मागचा सडका पुठ्ठा बदलला, वाळवी लागलेली पट्टी काढून नवी बसवली. काच त्याने पुसायला घेतली तेव्हा आत्याचा फोन आला: कुंकवाचे ठिपके पुसू नयेत. तोवर अर्धी काच पुसून झाली होती. आता दत्ताच्या डाव्या अंगाची काच स्वच्छ आहे आणि उजव्या अंगाला जुने ठिपके आहेत. ते गृहस्थ दिवाळीआधी पुन्हा एकदा येऊन गेले. आत्याने त्यांना चहा दिला.